ओटीवरचा उजेड

शिवा वायरमनने ओटीवर तीन दिवे टांगले आणि घरातल्या पाच माणसांचे पाच पक्ष झाले.

घर नवं करायला काढल्यापासून भांडणांची तशी सवय झाली होती. चिऱ्याच्या भिंतीला गिलावा करावा की चिरा तसाच उघडा ठेवावा, यावर दोन रविवार गेले होते. फरशीच्या रंगावरून काशीराम आणि निकेत या बापलेकांचं फोनवरचं बोलणं नुसत्या हुंकारावर आलं होतं. निकेत मुंबईत नोकरीला. तिथून तो उंटावरून शेळ्या हाकायचा आणि शेळ्या इकडे आपल्या मनाने चरायच्या. पण दिव्यांचं भांडण वेगळं निघालं. ते सुरू झालं तेव्हा प्रेमलताला ते भांडण वाटलंच नाही, भरल्या डोळ्यांनी बघावं असं काहीतरी वाटलं.

कारण शिवाने पहिली पेटवली ती हंडी. निकेतने मुंबईहून येताना मांडीवर धरून आणलेली, मधाच्या रंगाच्या काचेची, पोटात पिवळा बल्ब. तिन्हीसांज व्हायला आली होती. कौलं पार खाली उतरल्यामुळे या घरात संध्याकाळ बाहेरच्यापेक्षा थोडी आधीच यायची. शिवाने स्टुलावरून सांगितलं, "लाव गो बटण," आणि जान्हवीने ते दाबलं.

ओटी हळूहळू भरत गेली. कोपऱ्यातली गुंडाळलेली जाळी, ओल्या सिमेंटचा वास, सिंहासनासारखी मधेच पडलेली सुताराची घोडी, सगळ्यावर ऊबदार साय धरली. वाशांच्या सावल्या डुलायला लागल्या. बाहेर भरतीचा आवाज येत होता, आणि प्रेमलताला क्षणभर वाटलं की घर नांगर काढून निघालंय आणि आपण सगळे त्यात बसलोय.

मग तिने लेकीकडे पाहिलं. बटणाखाली उभ्या असलेल्या जान्हवीच्या डाव्या कानामागून मानेवर उतरलेला पांढरा डाग तिथे नव्हता.

तीन वर्षांपूर्वी तो तांदळाच्या दाण्याएवढा होता, आता तळहाताएवढा झाला होता. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं होतं, पण घरात ते नाव कोणी घेत नसे. घरात त्याला नुसतं 'ता', म्हणजे 'ते', म्हणत. ता वाढला काय, ताका मलम लावलंस काय. आणि या पिवळ्या उजेडात 'ता' विरघळून गेलं होतं. पंचवीस वर्षांची तिची लेक तांब्याच्या मूर्तीसारखी अखंड उभी होती.

"ह्योच दिवो," आनंदीबाई म्हणाल्या. "दुसरो बघूकच नको."

सगळ्यांनी माना वळवल्या. आनंदीबाई म्हणजे काशीरामची थोरली वहिनी, निकेत-जान्हवीची मोठी आई. नवरा गेल्यापासून घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि मुंबईहून आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या नावडीची. मागच्या खेपेला निकेतने आणलेल्या पडद्यांची त्यांनी पायपुसणी केली होती. त्या निकेतच्या हंडीला होय म्हणतात म्हटल्यावर निकेतच चाट पडला.

"मोठ्या आये, बरी आसस मां?" त्याने विचारलं.

"माका काय धाड भरली हा? बरा ता बराच म्हणूचा."

"माका पसंत नाय," काशीराम म्हणाला. "शिवा, ट्यूब लाव."

काशीराम आपल्या नेहमीच्या जागेवर होता, खांबाला टेकून, डावा गाल भिंतीकडे. घराचा नकाशा बदलताना त्याने एकच अट घातली होती, की ही भिंत पाडायची नाही. गावात बैठक असो, देवळात प्रसाद असो, माणूस डाव्या हाताला भिंत बघून बसायचा. लहानपणी देवी आल्या तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. बुबुळावर वालाएवढं पांढरं. होडी चालवायला, वारा ओळखायला त्याने कधी आडोसा शोधला नाही, पण माणसांपुढे तो अर्धाच बसायचा.

शिवाने ट्यूब लावली. ती दोनदा डोळे मिचकावून पेटली आणि ओटीवरचं सगळं जिथल्या तिथे आलं. गिलाव्यातली भेग दिसली. आनंदीबाईंच्या लुगड्याचं ठिगळ दिसलं. जान्हवीच्या मानेवर 'ता' जागच्या जागी होतं, चुना सांडल्यासारखं. जान्हवीने वेणी पुढे ओढून घेतली. ती रोज बसने ओरोसच्या कचेरीत जायची, तिथल्या ट्यूबलाइटखाली दिवसभर अशीच वेणी पुढे घेऊन बसायची. हात आपोआप जायचा.

तिसरा दिवा शिवाचा स्वतःचा होता, वळ्यावळ्यांचा, वीज कमी खाणारा. त्याच्या बाजूने शिवाशिवाय कोणीच नव्हतं. तो पेटला आणि विझला.

"आयतवारा पावणे येतले," शिवा म्हणाला. "त्येच्याआधी एक कायतरी ठरवा. माका वायर भितीत गाडूची आसा."

आयतवारचे पाहुणे म्हणजे आरोंद्याची हौसाबाई आणि तिचा मुलगा सुशांत. जान्हवीला बघायला. मुलगा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, चार वाड्यांत त्याच्या हाताला नाव होतं. स्थळ आनंदीबाईंनीच माहेरच्या कुणाकडून जुळवून आणलेलं. मधल्या माणसाला 'ता' सांगितलेलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणता राहून गेलं, असं आनंदीबाई म्हणायच्या, आणि प्रेमलता त्यावर काही बोलायची नाही. न बोलणं हेही एक सांगणंच होतं, तिला ते ठाऊक होतं.

"आये, तू सांग," निकेत म्हणाला. "तुका उजेडातला कळता."

कळत होतंच. मालवणच्या संध्याकाळच्या बाजारात प्रेमलता स्वतःचा बल्ब घेऊन बसायची. पालिकेच्या ट्यूबखाली बांगडा मेलेला दिसतो. मेलेला असतोच, पण तसं दिसून चालत नाही. तिच्या पिवळ्या बल्बाखाली तोच बांगडा आत्ताच होडीतून उडी मारून आल्यासारखा चमकायचा. गिऱ्हाइकं तिला हसून म्हणायची, मावशी, तुझा बल्बच विक. आणि स्वतः लिलावात मासा घेताना मात्र ती उन्हात धरून, डोळा बघून घ्यायची. डोळा बघितल्याशिवाय तिने जन्मात मासा घेतला नाही. एक नवरा तेवढा घेतला.

"हंडीच बरी," ती म्हणाली.

काशीरामने तिच्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्याने, नेहमीसारखं.

"बघ," आनंदीबाई खूश होऊन म्हणाल्या, "आणि चेडवाक खांबाच्या ह्या अंगाक बसवया. वेणी सैल घालूची. पावण्यांका थयसर. दिवो तेंच्या पाठसून येतलो. चाय घेतली, खोबऱ्याची वडी खाल्ली, झाला."

निकेतच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "म्हणजे माझी हंडी ह्येच्यासाठी व्हयी तुका? ता लपवूक?"

"लपवूक कित्याक? दाखवूची काय गरज? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि लग्नानंतर उघडतली तेव्हा? ही फसवणूक झाली, मोठ्या आये. मी बाबांच्या बाजून. ट्यूबच लावा."

एवढ्यावर प्रेमलताची बाजू दोन बायकांवर आली आणि समोर दोन पुरुष झाले. जान्हवीला कोणी विचारत नव्हतं. ती बटणाशी उभी राहून हंडी लावत होती, विझवत होती, परत लावत होती, आणि प्रत्येक वेळी ओटी एकदा स्वप्नात जाऊन परत येत होती.

"फसवणूक म्हणता," आनंदीबाईंनी पदर खोचला. "मेल्या, तुझ्या बापाशीचा लगीन मीच जमवलेला. वेंगुर्ल्याक हिच्या घराक गेलंव, तेव्हा कंदील कोणी सरकवल्यान? मी. दिवसाढवळ्या न्हेलंय आसता तर कोण होय म्हणाला आसता? ता सोड, तुमचा वायट झाला काय? बोल काशी, वायट झाला तुझा?"

हे बोलणं या घरात कधी झालं नव्हतं. तीस वर्षांत नाही. स्टुलावर शिवाने उगाच एक वायर सोलायला घेतली.

प्रेमलताच्या डोळ्यांपुढची ओटी पुसट झाली आणि वेंगुर्ल्याचं माहेर आलं. जेटीच्या मागची खोली, खुंटीवरचा कंदील, आणि तिच्या हातात पोह्यांची बशी. पाहुण्यांतली ती थोरली बाई चटकन उठली होती. "उजेड डोळ्यार येता," असं म्हणून तिने कंदील या खुंटीवरून काढून त्या खुंटीवर लावला होता. किती सहज. नवऱ्या मुलाचा उजवा गाल उजळला, डावा काळोखात गेला. प्रेमलताने दारातून एकदाच बघितलं. धारदार नाक, दाट मिशी, खाली घातलेली मान. लाजतो वाटतं, असं तिला वाटलं होतं, आणि ते तिला आवडलं होतं. लग्नात मुंडावळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी घेऊन किनाऱ्यावर गेली तर तो उन्हात जाळं विणत बसला होता. त्याने वर पाहिलं.

"वयनीन सांगूक नाय?" त्याने विचारलं होतं.

"नाय."

त्यानंतर तो वळून बसला, तो आजपर्यंत. ती घरी आली आणि तिने बांगड्याचं तिखलं केलं. रडली नाही. रडायला सासरी जागा कुठे होती? मग दिवस गेले, मुलं झाली, वादळं झाली, आणि कधीतरी तो माणूस तिचा झाला. दर्यावरून आला की होडीतला पहिला निवडलेला मासा तिच्या टोपलीत टाकायचा. बाळंतपणात त्याने तिची लुगडी धुतली, वाडीने तोंडात बोटं घातली. म्हणून तर तिला वाटत होतं, की अंधुक उजेडात वाईट काय असतं? त्या कंदिलाने तिला हे घर दिलं. हंडी तिच्या लेकीलाही देईल.

"वायट झाला नाय," काशीराम सावकाश म्हणाला. "वायट कसा म्हणतलंय? पण वयनी, माका अजून म्हायत नाय."

"काय म्हायत नाय?"

"माका उजेडात बघितल्यान आसता तर ही होय म्हणाली आसती काय, ता."

त्याने ते प्रेमलताला विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं, भिंतीला. तरी सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"चाय ठेवतंय," असं म्हणून ती आत गेली.

स्वयंपाकघराच्या भिंती अजून रंगायच्या होत्या. तिथे जुनाच बल्ब होता, धुराने काळवंडलेला. ती पातेल्यात पाणी घालून उभी राहिली, गॅस पेटवायचं विसरली. जान्हवी मागून आली आणि तिने गॅस पेटवला.

"आये, सांग मगे."

"काय सांगू?"

"म्हणाली आसतंस काय होय?"

खोटं बोलायला काहीच लागलं नसतं. पण लेकीचा चेहरा इतका जवळ होता, आणि 'ता'ही.

"नाय," प्रेमलता म्हणाली. "उजेडात बघितलंय आसता तर नायच म्हटला आसता. अठरा वर्सांचा चेडू मी. डोळो बघून भियालंय आसतंय. आणि मगे जल्मभर चुकलंय आसतंय, ताय म्हायत आसा माका. म्हणान तर सांगतंय, काळोख बरो आसता कधी कधी."

जान्हवीने चहापूड घातली.

"तुझा बरा झाला आये. तू फसलंस आणि इसारलंस. बाबा नाय इसारले. तीस वर्सां झाली, अजून भितीकडे तोंड करून इचारतत." तिने फडक्याने पातेलं उतरवलं. "माका तसा इचारीत रवाक नको. तो नाय म्हणूंदे, चलात. पण होय म्हणालो तर ता बघून म्हणूंदे."

प्रेमलताला लेकीचा राग आला. भीतीच होती, पण बाहेर पडताना ती रागासारखी पडली. "आणि सगळेच नाय म्हणत रवले तर?"

"तर नाय," जान्हवी म्हणाली, आणि कप घेऊन बाहेर गेली. बाहेरून तिचा आवाज आला, "शिवादादा, ट्यूब गाडा भितीत. हंडी मागच्या पडवेक लावा."

आनंदीबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. निकेत स्वतःवर खूश होता, पण रात्री जेवताना दोनदा म्हणाला की हंडी तशी महाग होती.

*

रविवारी पाहुणे चारला यायचे ते पाचला आले. आरोंद्याहून दोन एस.ट्या बदलून. हौसाबाई उंच, सावकाश बोलणारी, आल्या आल्या पायरीवर थांबून घराकडे बघत म्हणाली, "कौलां काढूक नाय ता बरा केल्यात." सुशांतच्या नखांत इंजिनाचं काळं होतं. धुऊनही न गेलेलं. तो हात मांडीखाली घेऊन बसला, आणि प्रेमलताला ते बघून उगाच बरं वाटलं.

ओटीवर ट्यूब जळत होती. आनंदीबाईंनी खांबाजवळ काशीरामला बसवलं, समोर पाहुणे. जान्हवी अजून आत होती. तिने केस वर बांधले होते. प्रेमलताने ते दारातून पाहिलं. तिच्या मनात आलं, देवा, अजून एकदा वेणी घालायला सांगू काय? एवढ्यात हौसाबाई म्हणाली, "मगे, चेडू खंय?" आणि जान्हवी बशी घेऊन उंबऱ्यावर आली.

आणि वीज गेली.

भारनियमनात वीज जायची ठरलेली वेळ सकाळची होती. निकेतने ती विचारून, पाठ करून ठेवली होती. पण वीज कोणाचं पाठांतर ऐकते? ओटी एका श्वासात काळी झाली. बाहेर खळ्यात, घरापुढच्या अंगणात, ऊन होतं, माडांच्या बुंध्यांवर केशरी झालेलं, पण ते या उतरत्या कौलांखाली पायरीपर्यंतच यायचं. जान्हवी उंबऱ्यावर बशी घेऊन नुसती एक आकृती झाली.

"बसा, बसा," आनंदीबाईंचा आवाज आला. दोन दिवसांत प्रथमच तो गोड होता. त्या अंधारात सराईतपणे आत गेल्या आणि कंदील पेटवूनच घेऊन आल्या. तो त्यांनी तयार ठेवला होता की काय, देव जाणे. पिवळा, मऊ, जुना उजेड. कंदील पाहुण्यांच्या समोर ठेवता ठेवता त्या थबकल्या. जान्हवी एव्हाना पाहुण्यांसमोर येऊन बसली होती, तिकडे त्यांनी एक नजर टाकली. मग कंदील उचलून दुसऱ्या अंगाला, तिच्या उजव्या हाताला ठेवला.

"उजेड डोळ्यार येता," त्या म्हणाल्या.

जान्हवीचा उजवा गाल उजळला. डावा काळोखात गेला. ती किती सुंदर दिसत होती. सुशांत तिच्याकडे बघत होता, मांडीखालचे हात विसरून, तोंड किंचित उघडं टाकून, आणि हौसाबाईच्या चेहऱ्यावर पसंती सरळ उमटली होती. घरातलं कोणीही काही केलं नव्हतं. ट्यूब लावली होती, ती गेली, त्याला कोण काय करणार? आता फक्त गप्प बसायचं होतं. चहा, खोबऱ्याची वडी, आणि साडेसहाची एस.टी.

जान्हवीने आईकडे पाहिलं. तिची मान ताठ होती. प्रेमलताने खांबाकडे पाहिलं. काशीराम भिंतीला गाल लावून बसला होता. तीस वर्षं तो तिथे बसला होता, आणि त्या सगळ्या वर्षांत एका प्रश्नाला तिने चहा ठेवून उत्तर दिलं होतं. तिला स्वप्नातून कोणीतरी खांद्याला धरून हलवावं तसं झालं. उद्या हा समोरचा मुलगा उन्हात काहीतरी बघेल, आणि तिची लेक त्याच्याकडे एक बाजू करून बसायला शिकेल.

ती उठली.

"हंय काळोख आसा," ती म्हणाली. "चला, खळ्यात बसया. भायर अजून बरा ऊन आसा."

"पेमा," आनंदीबाई म्हणाल्या. एवढंच.

"बाय, तू कंदील विझव. घासलेट फुकट जाता," प्रेमलता थोरल्या जावेला म्हणाली.

निकेतने खुर्च्या उचलल्या. सगळे पायऱ्या उतरून खळ्यात आले. मावळतीचं ऊन थेट समुद्रावरून येत होतं, आडवं, कोणालाही न वगळणारं. सारवलेल्या जमिनीवर प्रत्येकाची सावली माडाएवढी पडली. जान्हवी खुर्चीवर बसली, बशी मांडीवर, आणि 'ता' कानामागून खांद्यापर्यंत स्वच्छ दिसत होतं.

हौसाबाईने बघितलं. तिने वळवलेली नजर पुन्हा आणून नीट बघितलं.

"ह्या कधीपासून?" तिने विचारलं.

"तीन वर्सां झाली," जान्हवी म्हणाली. "वाढता. औषध चालू आसा."

"माका सांगूक नाय कोणी."

"नाय सांगूक," प्रेमलता म्हणाली. "आमचीच चूक. म्हणान तर भायर बसवलंव."

चहा निवत होता. सुशांतने मांडीखालून हात काढले, ते काळ्या नखांचे हात गुडघ्यांवर ठेवले, आणि पहिल्यांदाच बोलला.

"उन्हात जळजळता काय?"

जान्हवी गोंधळली. हा प्रश्न तिला डॉक्टरांशिवाय कोणी विचारला नव्हता. "जळजळता थोडा."

"मगे हंय ये," तो उठून म्हणाला. "ह्या खुर्चेर माडाची सावली आसा." आणि तिच्या खुर्चीवर जाऊन, डोळे बारीक करून, उन्हात बसला.

हौसाबाईने मुलाकडे एक लांब नजर टाकली आणि खोबऱ्याची वडी उचलली. जाताना ती एवढंच म्हणाली, "घराक जावन इचार करतंव. सांगान धाडतंव." या वाक्याचे दोन्ही अर्थ वाडीत चालतात. पण खळ्यातून निघालेला सुशांत बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं, तेही खुल्या उजेडात.

*

निकेत पाहुण्यांना एस.टी.पर्यंत सोडायला गेला. आनंदीबाई आत कप आपटत होत्या. त्यांचा राग आता आठवडाभर पुरणार होता. जान्हवी माडाच्या सावलीतल्या खुर्चीवर तशीच बसून राहिली, डोळे मिटून. हसत होती की नव्हती, प्रेमलताला सांगता आलं नसतं.

ऊन अजून होतं. पाण्याला टेकायला आलेलं. प्रेमलताने खळ्याच्या टोकाला पाहिलं आणि ती थांबली. काशीराम तिथे खुर्ची टाकून बसला होता, आणि त्याच्या डाव्या हाताला भिंत नव्हती. काहीच नव्हतं. सगळा समुद्र होता. पाहुणे असल्यापासून तो तसाच बसला होता, तोंड उघड्यावर टाकून, आणि लेकीच्या काळजीत तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

ती एक खुर्ची ओढत घेऊन गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला बसली. त्या बाजूला ती तीस वर्षांत कधी बसली नव्हती.

"नाय म्हटला आसता मी," ती म्हणाली.

काशीरामने समुद्राकडे बघतच मान हलवली. "म्हायत होता माका."

"म्हायत होता तर इचारीत कित्याक रवलात?"

"तुझ्या तोंडसून आयकूचा होता," तो म्हणाला. "बरा झाला सांगलंस."

"आता इचारा."

"आता काय इचारू? म्हातारो झालंय."

"इचारा तर."

काशीराम लाजला. छप्पन वर्षांचा माणूस, कानापर्यंत. तिला वेंगुर्ल्याची खाली घातलेली मान आठवली. म्हणजे ती लाजच होती तर. कंदिलाने तेवढं खोटं दाखवलं नव्हतं.

"होय म्हणतलंस काय?" त्याने विचारलं.

"थांबा. आधी बघूंदे."

तिने त्याची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे, उन्हाकडे वळवला. तो आधी मागे सरला, मग सरला नाही. डोळ्यातलं पांढरं फूल उन्हात केशरी झालं होतं. ते तिला वाटलं होतं त्याहून लहान होतं. कडेला बारीक निळी रेघ होती, ती तिने कधी पाहिलीच नव्हती. लिलावात मासा धरून बघायची तेवढ्याच सावकाशीने तिने बघून घेतलं, आणि खाली पाण्यात सूर्य अर्धा बुडाला तरी तिने हात काढला नाही.

"ताजो नाय," ती म्हणाली. "पण बरो आसा. घेतंय."